मानशीला दार नव्हतं

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. "ताई, वर्तमानपत्रातल्या गोड आठवणी लिहून द्या." गोड पाहिजे असेल तर माणसाने मिठाईच्या दुकानात जावं. मी उभा जन्म एका मराठी दैनिकात, उपसंपादकांच्या टेबलावर काढला. माझ्याकडे आहेत त्या चुकांच्या आठवणी, आणि त्यांतल्या एका चुकीशी माझं भांडण अजून चालू आहे. ते लिहायला देणार असाल तर लिहिते, असं मी सांगितलं. ते हो म्हणाले. आता त्यांनी माघार घेऊ नये.

उपसंपादक म्हणजे काय ते आधी सांगते, कारण माझ्या सासूबाई शेवटपर्यंत मला संपादकांना चहा नेऊन देणारी समजत होत्या. बातमीदार बातमी आणतो. उपसंपादक ती वाचतो, जास्तीचं कापतो, भाषा सरळ करतो, वर मथळा घालतो आणि छापायला सोडतो. बातमीत चूक असली तर ती धरायची शेवटची जागा म्हणजे हे टेबल. बातमी छान झाली तर नाव बातमीदाराचं. चूक निघाली तर लोक विचारतात, तिथे बसून तुम्ही करत काय होता? प्रश्न रास्त आहे. मी तो स्वतःला रोज विचारत असे.

मी साखळीहून बसने पणजीला जायची. मुक्तीनंतर गोव्यात मराठी पेपर वाढले, रस्ते झाले, बस सुरू झाल्या आणि गावागावांतून बातम्या यायला लागल्या. त्या पाठवणारे कोण? शाळामास्तर, दुकानदार, देवस्थानचा एखादा कारकून. दिवसभर आपलं काम करायचं आणि संध्याकाळच्या आत बातमीचा लखोटा पणजीच्या बसच्या कंडक्टरच्या हातात द्यायचा. आमचा शिपाई स्टँडवर जाऊन लखोटे गोळा करून आणायचा. बस चुकली की बातमी राहिली. आणि बस चुकू नये म्हणून लोक काय काय करतात, ते मला माझ्या माहेरच्या जत्रेत कळलं.

माहेर पेडणे तालुक्यातलं. त्या वर्षी जत्रेला मी रजा टाकून गेले होते. नेमकं जत्रेच्या दिवशी पहाटे गावकरांच्या एका घरात म्हातारं माणूस गेलं. आमच्याकडे गावकर घराण्यात असं झालं की सुतक गावाला आणि देवालाही. पालखी पुढे ढकलली. खाज्यांची दुकानं आली तशी परत गेली. आईने मुकाट्याने डाळभात लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेर पाव देऊन गेला आणि त्याच्या मागोमाग आमचा पेपर आला. आतल्या पानावर बातमी होती की आमच्या देवाची पालखी वाजतगाजत निघाली, रस्ते भक्तांनी फुलले आणि दशावतारी नाटकाने रात्र रंगली. बाबांनी ती ओटीवर बसून मोठ्याने वाचली. देव गाभाऱ्यात सुतक पाळत बसलेले आणि पेपरात गाव फिरून आलेले. ऐकायला बसलेल्या एकाने माझ्याकडे बघून म्हटलं, "बायेच्या पेपरान देवाक सुद्दां फटयलो." देवालाही फसवलं म्हणे. मला तिथे बसवेना, मी आत निघून गेले.

बातमी पाठवली होती वसंतमास्तरांनी. ते आमचे पेडण्याचे वार्ताहर, माणूस अगदी सज्जन. मी सरळ त्यांच्या शाळेत जाऊन त्यांना धरलं. "मास्तर, हे काय लिहिलंत?"

"पालखी निघते रात्री," ते म्हणाले. "पणजीची शेवटची बस त्याच्या कितीतरी आधी सुटते. म्हणून मी दरवर्षी बातमी आधीच लिहून पहिल्या बसने पाठवतो. दरवर्षी असंच होतं ना?"

चूक केल्याची खंत त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती. उलट देवच यंदा असा कसा वागला, याचं त्यांना नवल वाटत होतं. त्या दिवसापासून "दरवर्षीप्रमाणे" आणि "उत्साहात पार पडले" असे शब्द दिसले की माझा हात थांबायचा. त्या गावच्या बसचा कंडक्टर गाठून मी विचारायची, काल तुमच्याकडे खरंच झालं का रे हे? निम्म्या वेळा तो हसायचा, आणि मग मी बातमी बाजूला ठेवायची. वार्ताहर माझ्यावर रुसायचे, ते रुसले तरी चालत होतं.

चूक झाली म्हणून भांडायला लोक रोज येत. चूक राहू द्या म्हणून आलेला एकच. कारापूरचा तरुण होता. नाव देत नाही, तो आता आजोबा झाला असेल. कपडे धुताना पाय घसरून नदीत पडलेल्या एका बाईला कुणीतरी उडी मारून वाचवलं होतं. आमचा वार्ताहर पोचला तेव्हा काठावर गर्दी होती आणि गर्दीत ओल्या कपड्यांतला एक माणूस उभा होता. वार्ताहराने त्याचं नाव विचारून घेतलं आणि धाडसी तरुण म्हणून बातमी दिली. खरी उडी मारली होती त्याच्या शेजाऱ्याने, तो कपडे बदलायला घरी गेला होता. हा गडी नुसता आंघोळ करून वर आला होता. "उडी तुम्हीच मारलीत का?" एवढा एक प्रश्न विचारला असता तर भागलं असतं, पण ओला माणूस समोर दिसत असताना तो विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

तो ऑफिसात येऊन माझ्यासमोर बसला. मला वाटलं, पोरगा प्रामाणिक आहे, चूक सांगायला आलाय. तो म्हणाला, "ताई, ती बातमी तशीच राहू द्या."

"का म्हणून?"

"दोडामार्गला माझं लग्न जुळत होतं ते अडलं होतं. बातमी वाचून मुलीच्या वडलांनी होकार कळवला. शेजारी काही बोलणार नाही, मी त्याला विचारलंय."

"तुला पोहता तरी येतं का?"

"कमरेपर्यंत," तो म्हणाला.

मला हसू आवरेना. तरी दुसऱ्या दिवशी मी दुरुस्ती छापली. लग्न जरा लांबलं, पण मोडलं नाही. पुढे साखळीच्या बाजारात त्याची बायको भेटली. "लग्न होईपर्यंत थांबला असता तर तुमचा पेपर बंद पडला असता काय?" असं विचारून ती पुढे गेली. आठवलं की मला वाईट वाटतं. मी थांबले असते असं मात्र नाही.

आता पुतूची गोष्ट. हे सगळं लिहायला बसले ते या गोष्टीसाठी.

डिचोली तालुक्यात नदीकाठी एक गाव आहे. तिथली शेती खाजन शेती, म्हणजे नदीच्या भरतीच्या पाण्याहून सखल जमिनीतली. भरतीला नदीचं पाणी खारं होतं. ते शेतात शिरू नये म्हणून काठाने मातीचा लांब बांध असतो, आणि शेतातलं पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून बांधात दगडी मोरी असते. तिला लाकडी दारं बसवलेली असतात. ओहोटीला ती दारं नदीच्या बाजूला उघडतात, भरतीला पाण्याच्याच रेट्याने मिटतात. या मोरीला मानस म्हणतात. मानशीत मासे धरायचा हक्क गाव एका माणसाकडे देतं, आणि दारं सांभाळायची जबाबदारीही मग त्याचीच. त्या वेळी ती पुतूकडे होती.

पुतू म्हणजे गरीब बिचारा वगैरे कुणी नव्हता. भांडखोर होता, हुर्राक, म्हणजे काजूची दारू, जरा जास्तच प्यायचा. आणि मासे जास्त यावेत म्हणून भरतीच्या वेळी दारं दोरीने बांधून उघडी ठेवायचा. मग काठच्या शेतांत खारं पाणी जायचं. त्याबद्दल गावाने त्याला दंडही केला होता. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे जो तो मला हेच ऐकवत होता.

उन्हाळा लागत होता. वायंगणाचं भात, म्हणजे पावसाळ्यानंतर केलेलं दुसरं पीक, पोटरीला आलं होतं. एका पहाटे मोठ्या भरतीत ते सबंध खाजन खाऱ्या पाण्याखाली गेलं. लगेच आमच्या पेपरात पहिल्या पानावर बातमी आली. मासळीच्या हव्यासापायी मानशीचं दार उघडं ठेवलं आणि गावाची शेती बुडाली, असा मथळा. खाली पुतूचं नाव, बापाच्या नावासकट.

ती बातमी टेबलावर आली त्या दिवशी माझी साप्ताहिक सुट्टी होती. बातमी मी दुसऱ्या सकाळी बसमध्ये वाचली आणि ऑफिसात पोचल्यावर विचारलं, ही कुणी आणली? उत्तर आलं, प्रसिद्धिपत्रक होतं. प्रसिद्धिपत्रक म्हणजे एखाद्या कंपनीने किंवा संस्थेने आपणच लिहून पाठवलेली बातमी. हे एका बार्ज कंपनीचं होतं. खाणीवरचं खनिज बार्जमध्ये भरून नदीतून मुरगाव बंदरात न्यायचा तिचा धंदा. या कंपनीला मानशीच्या दाराची एवढी काळजी कधीपासून लागली, हा प्रश्न आमच्या टेबलावर कुणालाच पडला नव्हता. पत्रक टाइप केलेलं होतं, भाषा शुद्ध होती आणि पहिल्या पानावर जागा रिकामी होती. तेवढ्यावर काम झालं होतं. माझ्या मनात तेव्हाच शंका आली, पण नुसती शंका घेऊन मी काय करणार होते?

मग जानकी आली. पुतूची बायको. दुपारी दाराजवळच्या बांकावर एक बाई कितीतरी वेळ बसून होती आणि तिला कुणी काही विचारत नव्हतं. मी जवळ गेले तशी ती उठून उभी राहिली.

"पेपरांतली बाय ती तुमीच?" ती म्हणाली. "तो घराभायर सरना. धड जेवना. आयतारा देवळांत बसका आसा. मानस काडून घेवपाची म्हणटात, आनी देवाच्या कामाक आमकां आपोवपाचें ना म्हणटात."

म्हणजे रविवारी देवळात बैठक होती. मानस जाणारच होती, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे देवाच्या कामाला यापुढे त्यांना बोलावणार नव्हते. गावात राहून शिगम्याला नाही, पालखीला नाही, कुणाच्या मयतालाही नाही. जानकीने आमचा पेपर पिशवीतून काढला. तिला वाचता येत नव्हतं. बैठकीत तो पेपर पुरावा म्हणून ठेवणार आहेत, असं तिने ऐकलं होतं.

मी विचारलं, "खरं सांगा, दार उघडं ठेवलं होतं का त्याने?"

"म्हाका कित्याक विचारतात? हांव ताची बायल," ती म्हणाली. "येवन पळयात."

मला काय विचारता, मी बायको त्याची, येऊन बघा. आमच्या धंद्याचा सगळा अभ्यासक्रम एवढाच आहे. दुसऱ्या सकाळी ऑफिसची वेळ व्हायच्या आधी मी त्या गावी जाऊन उतरले.

जानकी मला बांधावरून घेऊन गेली. मानशीपाशी पोचलो आणि मी दार शोधायला लागले. दार नव्हतं. दगडी मोरीचं तोंड माडाचे ओंडके आणि चिकणमाती घालून गच्च बुजवलेलं होतं. माती वाळून तिच्यावर गवत उगवलं होतं. गोष्ट साधी होती. उन्हाळ्यात पावसाचं पाणी काढायचं नसतं, म्हणून त्या दिवसांत जुनी दारं काढून दुरुस्तीला देतात आणि तोवर मोरी बुजवून टाकतात. दारं मेस्ताच्या मांगरात होती, म्हणजे सुताराच्या झोपडीत. मी तिथे जाऊन ती हाताने चाचपून आले. एका दाराची फळी बदलून झाली होती, दुसऱ्याचं काम अजून बाकी होतं.

पाणी शिरलं होतं ते दुसरीकडूनच. नदीच्या वळणावर बांधाला मोठं खिंडार पडलं होतं. तिथली माती एका रेषेत खरवडून निघालेली, आणि चिखलात एक जुना टायर. बार्जच्या बाजूंना धक्का बसू नये म्हणून असले टायर टांगलेले असतात. मी तो टायर बराच वेळ बघत उभी राहिले. बार्जनेच बांध फोडला असं छापायला मात्र मी पुढेही तयार झाले नाही. टायर पाण्याबरोबर वाहूनही येतो, आणि बार्ज धडकताना बघणारा कुणी मला भेटला नाही. दार नव्हतं, हे मात्र मी डोळ्यांनी बघितलं होतं.

पुतू घराच्या पायरीवर बसला होता. माझ्याकडे त्याने नीट बघितलंही नाही.

"आदीं हांवें केल्लें, तेन्ना पेपरान आयलें ना," तो म्हणाला. "ह्या खेपेक केलें ना, आनी पेपरान आयलें."

बोलता बोलता तो हसला आणि मग त्याने तोंड फिरवलं. आधी केलं होतं तेव्हा कुणी छापलं नाही, आणि या वेळी केलं नाही तर छापून आलं.  मला आमच्या पेपराची लाज वाटली, आणि तसं मी त्याला सांगितलं.

कुणी म्हणेल, दार नाही हे गावाला दिसत नव्हतं का? मलाही तेच वाटलं होतं. पण वरच्या वाड्यावरच्या लोकांची शेतं अलीकडच्या टोकाला, मानशीपर्यंत त्यांचं जाणं नसायचं. पाणी भरल्यावर तर तिकडे कोण जाणार? काही घरांतली माणसं त्याच बार्जवर कामाला होती. आणि पुतू तर नेहमीच दार उघडं ठेवतो, मग बघायचं काय त्यात?

ऑफिसात वृत्तसंपादक होते केणीबाब. कुठली बातमी कुठे जाईल ते ठरवणारा माणूस. मनाने चांगले, खुर्चीतून उठायचा तेवढा कंटाळा. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ठीक आहे, त्याचा इन्कार छापू. आपण दार उघडं ठेवलं नव्हतं, असं पुतू यांनी कळवलं आहे. दोन ओळी. झालं?"

"नाही झालं. इन्कार केला तर तो त्याचा. चूक आपली आहे."

"अगं पण तो नेहमी ठेवतो ना उघडं? तूच सांगतेस."

"नेहमीचं छापायला आपण पंचांग काढतो काय?"

ते चिडले. कंपनीच्या जाहिराती येतात, हेही बोलून दाखवलं. त्यांनी ते लपवलं नाही याचं मला बरं वाटलं. मी म्हटलं, "उद्या सकाळी माझ्याबरोबर चला. तुम्ही मला दार दाखवा, मी पुन्हा या विषयावर तोंड उघडणार नाही." मग त्यांच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले. त्या संध्याकाळी मी एकही बातमी हातात घेतली नाही. लखोट्यांचा ढीग वाढत गेला. केणीबाब दोनदा ओरडले, एकदा चहा मागवून दिला, आणि शेवटी म्हणाले, "बरं बाई, येतो."

शनिवारी सकाळी ते पॉलिश केलेले बूट घालून आले. बांधावरून चालताना त्यांची फजिती झाली, पण ते तक्रार न करता चालत राहिले. एका ठिकाणी घाम पुसायला थांबले आणि विचारलं, "मानस कुठे आहे?"

"तुम्ही तिच्यावरच उभे आहात."

त्यांनी पायाखाली बघितलं. मग इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "मग दार कुठंय?" म्हणाले, आणि बोलता बोलता थांबले.  पुढे मेस्ताच्या मांगरात गेलो. मेस्त त्यांतल्या एका दारावरच बसून पेज जेवत होता. पाहुणा माणूस बघून तो जरा सरकला आणि बाजूची जागा हाताने पुसली. आमचे वृत्तसंपादक त्या दारावर बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

दुरुस्ती केणीबाबांनी स्वतः लिहिली. आतल्या पानावर भरती-ओहोटीच्या वेळा असतात, त्यांच्याखाली दुरुस्ती टाकायची आमची पद्धत होती. तिथे ती कुणी वाचत नाही, म्हणूनच ती जागा. मी म्हटलं, चूक पहिल्या पानावर झाली. थोडी घासाघीस होऊन पहिल्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात जागा मिळाली. त्या वेळी मानशीला दारच नव्हतं, बातमी खात्री न करता छापली गेली, चूक आमची आहे, असं स्वच्छ लिहिलं होतं. केणीबाबांबद्दल मी पुष्कळ वाईट बोलले असेन, पण ते वाक्य त्यांचं होतं.

रविवारी सकाळी पेपरांचं बंडल घेऊन मी स्वतःच त्या गावी गेले. इतकं झाल्यावर कंडक्टरवर सोडायची माझी तयारी नव्हती. देवळाच्या सभामंडपात लोक जमले होते. पुतू एका खांबाला टेकून खाली बघत बसला होता. बायका एका बाजूला होत्या, त्यांत जानकी होती, तिच्या शेजारी कुणी बसलं नव्हतं. मी पेपर देवस्थानच्या अध्यक्षांच्या हातात दिला. त्यांनी तो एकाला वाचायला लावला. वाचून झालं. मग इतका वेळ पुतूच्या नावाने सगळ्यांत मोठ्याने बोलणारा एक जण म्हणाला, "पेपरान आयलां म्हणजे खरेंच आसतलें. सोडा ताका."

आणि सगळ्यांनी माना हलवल्या. काम झालं होतं. मी गप्प घरी जायला हवं होतं. पण माझं डोकं फिरलं.

"परवा पेपर म्हणाला दार उघडं, तुम्ही म्हणालात उघडं," मी उभी राहून म्हटलं. "आज पेपर म्हणतो दारच नाही, तर तुम्ही म्हणता नाही. उद्या पेपर म्हणाला इथे देऊळच नाही, तर काय उठून घरी जाणार? बांध इथून हाकेच्या अंतरावर आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका. तो पेपर ठेवा खाली आणि चला बघायला."

परक्या गावातल्या देवळात उभं राहून एक बाई असं बोलली, म्हणून मंडपात चुळबुळ झाली. मला वाटलं, आता मलाच बाहेर काढतात. अध्यक्ष म्हातारे होते. ते काठी टेकत उठले. "बाय म्हणटा तें खरें. उठात," म्हणाले, आणि पुढे चालायला लागले. त्यांच्या मागून सगळा गाव बांधावर आला. बुजवलेली मोरी सगळ्यांनी बघितली, खिंडार बघितलं, टायर बघितला. पुतूची माफी कुणी मागितली नाही, आमच्याकडे तशी रीत नाही. पण ओहोटी होती. पुतू फावडं घेऊन खिंडारात उतरला, आणि एकेक करत बाकीचेही धोतर खोचून त्याच्याबरोबर चिखलात उतरले. बायका मातीच्या पाट्या द्यायला लागल्या. जानकीच्या हातची पाटी पुढच्या बाईने घेतली, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पुसलं आणि बस गाठायला निघाले.

त्या वर्षीचं पीक गेलं ते गेलंच. मानस पुतूकडे राहिली. पुढच्या वर्षी त्याने पुन्हा दारं दोरीने बांधून उघडी ठेवली आणि गावाने त्याला पुन्हा दंड केला. ती बातमी मी स्वतः छापली, तीन ओळींची, गावात जाऊन खात्री करून. पुतू रागावला नाही. बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, "आतां खरें आयलें."

इथे गोष्ट संपली असं मीही समजत होते. मी निवृत्त झाले. केणीबाब गेले, पुतूही गेला. मग अलीकडे आमच्याच पेपराने जुन्या अंकांतल्या बातम्या पुन्हा छापायचं सदर सुरू केलं, आणि एका सकाळी पान उलटते तर समोर तोच मथळा. मासळीचा हव्यास, उघडं दार, बुडालेली शेती, पुतूचं नाव, बापाच्या नावासकट. दुरुस्तीचा पत्ता नाही. दुपारपर्यंत जानकीचा निरोप आला. "बाये, परत दार उगडें म्हणून आयलां."

मी पणजीला गेले. ऑफिस नवीन, सगळं थंडगार, माणसंही नवीन. तरुण संपादकांनी आदराने बसवलं, कॉफी दिली. म्हणाले, "ताई, इतकी जुनी गोष्ट आता कुणाच्या लक्षात असणार? आणि ही बातमी खरोखरच आपल्या पेपरात आली होती ना?"

"दुरुस्तीही आपल्याच पेपरात आली होती. त्याच आठवड्यात, त्याच पानावर."

"बघतो," ते म्हणाले.

अजून बघताहेत. मी दर सोमवारी फोन करते. आता ते माझा नंबर ओळखतात आणि दुसऱ्या कुणाला तरी उचलायला लावतात. त्याने काय होणार? मी केणीबाबांना बांधावरून चालवलं आहे, यांनाही चालवीन. मानस अजून तिथे आहे, शेती पडीक झाली, मोरीत चिखल भरला. दारं कधीच कुजून गेली. जानकीने मला विचारलं, "तो आतां ना. तरी छापतले?" मी तिला सांगितलं, छापतील. नाही छापलं तर दुसरीकडे छापून आणीन.

म्हणून गोड आठवणी मागितल्या तिथे मी ही दुरुस्ती देते आहे. संपादकांनी पाहिजे तर वरचं सगळं कापावं, हे राहू द्यावं. त्या पहाटे त्या मानशीला दार नव्हतं. पुतूने ते उघडं ठेवलं नव्हतं. दारं मेस्ताच्या मांगरात होती, मी ती हात लावून बघितली आहेत. अंक हातात आला की मी साखळीहून पहिल्या बसने जाऊन हे जानकीला वाचून दाखवणार आहे, आणि तिथून तसाच तो अंक घेऊन पणजीला.